'रिबेका'साठी तासाभराची प्लेलिस्ट: क्रम कसा लावावा?

पानगळ

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात डॅफ्नी ड्यू मोरिएची 'रिबेका' (१९३८) आहे. लोक जमेपर्यंत आणि चहाच्या वेळात लावायला साधारण तासाभराची प्लेलिस्ट हवी आहे. आठ जणांपैकी चौघांची कादंबरी अजून अर्ध्यावर आहे, त्यामुळे संगीतातून पुढचं काही फुटता कामा नये. 'सस्पेन्स म्युझिक' म्हणून शोधलं की दोन-दोन तासांचं एकसुरी घूं घूं समोर येतं, दहा मिनिटांत कान बधिर. शब्द असलेली गाणी चालतील का? कादंबरीचा क्रमच ठेवायचा की नुसता मूड पकडायचा? एकच ब्लूटूथ स्पीकर आहे, खोली बारा बाय पंधराची आणि पंखा बंद करता येणार नाही, हेही लक्षात घ्या.

खर्जातला_सा

मूड पकडायला जाऊ नका. 'डार्क', 'हॉरर', 'थ्रिलर' हे शब्द शोधपेटीत टाकले की ते घूं घूंच येणार. रहस्यकादंबरी वाचकाला धरून ठेवते ती माहिती अडवून, आणि प्लेलिस्टनेही तेच करायचं असतं: एखादा आवाज मुद्दाम रोखून धरायचा आणि योग्य जागी सोडायचा.

एक वही घ्या. कादंबरीची सत्तावीस प्रकरणं आहेत, तेवढ्या ओळी आखा. प्रत्येक ओळीत दोनच नोंदी: निवेदिकेला (बिचारीला शेवटपर्यंत नाव नाही) या प्रकरणात नवं काय कळलं, आणि तिच्या कानावर काय पडलं. दुसरी नोंद सहसा कोणी करत नाही आणि खरं घबाड तिथेच आहे. नवी मालकीण म्हणून ती मँडर्ली या नवऱ्याच्या वाड्यात येते तेव्हा तिला पूर्वेकडच्या भागातली खोली मिळते, खिडकीखाली गुलाबांची बाग. घरची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स तिला सांगते की या बाजूने समुद्र दिसत तर नाहीच, पण ऐकूही येत नाही. समुद्र आहे पश्चिमेच्या बंद दालनांकडे, रिबेकाच्या, म्हणजे वारलेल्या पहिल्या बायकोच्या बाजूला. तुमच्या प्लेलिस्टचा कणा इथेच मिळाला: ते दार उघडेपर्यंत समुद्राचं एकही संगीत वाजवायचं नाही. पहिली वीस मिनिटं कोरडी ठेवा.

त्या हिशेबाने क्रम असा बसतो. वेळा अंदाजे आहेत, वादकागणिक थोडं इकडेतिकडे होईल.

स्वप्नाची सुरुवात: एरिक सातीची पहिली ग्नॉसिएन, साडेतीन मिनिटं, एकटा पियानो. सातीने हिच्या लिपीत मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाच मारलेल्या नाहीत, त्यामुळे चाल पायाखाली ठरत नाही. रान माजलेल्या वाटेवरून स्वप्नात चालण्याला हे नेमकं बसतं.

माँटे कार्लो: रे नोबलचा बँड आणि अल बोलीचा आवाज, 'लव्ह इज द स्वीटेस्ट थिंग' (१९३२) आणि 'द व्हेरी थॉट ऑफ यू' (१९३४). दोन्ही मिळून साडेसहा मिनिटं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावत, म्हणून त्या काळची गाणी एवढीच असतात. यांत शब्द आहेत, पण ते चालतात. हॉटेलात मागे बँड वाजत असतो तसे ते ऐकू येतात, लक्ष मागत नाहीत.

मँडर्लीत आगमन: एल्गारच्या तंतुवाद्यांसाठीच्या सेरेनेडचा मधला भाग, लार्गेटो (१८९२), सहा मिनिटं. अतिशय सभ्य, अतिशय इंग्रज, संशयाला जागा नाही. लोक इथे म्हणतात, "यात सस्पेन्स कुठाय?" नकोच आहे. सगळं नीटनेटकं वाटलं तरच पुढचा ट्रॅक चावतो.

मिसेस डॅनव्हर्स: लिगेतीच्या 'मुसिका रिचेर्काता'मधला दुसरा तुकडा, पियानो, सुमारे चार मिनिटं. हार्मोनियमवर वाजवून बघा, म्हणजे युक्ती कळेल. पांढरी चार आणि काळी तीन, हे दोनच शेजारचे सूर आलटून पालटून, कधी हळू, कधी दोन्ही हातांनी ठणकावून. बराच वेळ तिसरा सूर नाहीच. कानाने 'एवढंच आहे' म्हणून हत्यार टाकलं की पांढरी पाच येते, आणि तोच एक सूर आधी सावकाश, मग भराभर ठोकला जातो. बाई दारात येऊन उभी राहिली आहे आणि हलत नाही.

पश्चिमेचं दार: आता समुद्र. बेंजामिन ब्रिटनचे 'फोर सी इंटरल्यूड्स' (१९४५) यांतले 'डॉन' आणि 'मूनलाइट', मिळून आठ मिनिटं. 'डॉन' व्हायोलिन आणि बासरीच्या अगदी उंच सुरावर उघडतो, खालून पितळी वाद्यांची लाट येते. 'संडे मॉर्निंग' गाळा, त्यातल्या चर्चच्या घंटा इथे उपऱ्या वाटतात.

वेषांतराचा बॉल: राव्हेलचं 'ला व्हाल्स' (१९२०), साडेबारा मिनिटं. तळातल्या गुरगुरीतून वॉल्ट्झचे तुकडे वर येतात, दिवे लागतात, नाच रंगतो आणि मग तोच नाच स्वतःला ओरबाडायला लागतो. शेवटून दुसऱ्या मात्रागटात तीनाचा ठेका मोडून चार सारखे ठोके पडतात आणि खेळ खलास.

त्यानंतरची धुक्याची वेळ: मारवा, फक्त आलाप, नऊ मिनिटं. यावर भांडण होणार हे माहीत आहे, खाली बोलू.

मग ब्रिटनचंच 'स्टॉर्म', साडेचार मिनिटं, आणि शेवटी दब्यूसीचा पियानोवरचा 'ला कातेद्राल आंग्लूती', म्हणजे बुडालेलं कॅथीड्रल (१९१०), सहा मिनिटं. बेरीज करा, बरोबर साठ.

चाळीतला_रेडिओ

सगळं इंग्लंड-फ्रान्सच का हो? आपल्याकडे रहस्यपटांच्या गाण्यांची खाण आहे. 'महल'चं 'आएगा आनेवाला', 'बीस साल बाद'चं 'कहीं दीप जले', 'वो कौन थी'चं 'नैना बरसे', 'गुमनाम'चं शीर्षकगीत. एवढ्यावर अर्धा तास भरतो आणि कट्ट्यावरचे सगळे गुणगुणतील.

खर्जातला_सा

गुणगुणतील हीच तर अडचण. 'नैना बरसे' लागलं की डोळ्यांपुढे साधना उभी राहते, मँडर्ली गेली खड्ड्यात. ओळखीचं गाणं स्वतःची गोष्ट बरोबर घेऊन येतं. शिवाय 'गुमनाम'चं मूळ अगाथा ख्रिस्तीच्या बेटावरच्या दहा जणांत आहे आणि 'बीस साल बाद'चं कॉनन डॉयलच्या शिकारी कुत्र्यात. त्या कादंबऱ्यांच्या प्लेलिस्टमध्ये ती गाणी हक्काने घ्या.

'रिबेका'साठी हिंदीतला खरा हक्कदार एकच: 'कोहरा' (१९६४). तो याच कादंबरीवर बेतलेला आहे. दिग्दर्शन बिरेन नाग, निर्मिती आणि संगीत हेमंतकुमार, गीतं कैफी आझमी, आणि मिसेस डॅनव्हर्सच्या जागची दाई माँ म्हणजे आपल्या ललिता पवार. लताबाईंचं 'झूम झूम ढलती रात' आणि हेमंतकुमारांचं 'ये नयन डरे डरे' ही दोन जरूर लावा, पण तासाच्या बाहेर, चर्चा सुरू झाल्यावर. 'ये नयन डरे डरे'त खरं तर भीतीपेक्षा लाडच जास्त आहे, त्यामुळे 'एकाच कथेला वेगवेगळे संगीतकार कसं हाताळतात' या गप्पांना ते उत्तम तोंड फोडतं.

दर्यादिल

कादंबरीमागच्या कॉर्नवॉलचंच (इंग्लंडचा नैऋत्य किनारा) संगीत हवं तर अर्नल्ड बॅक्सचं 'टिंटॅजल' कसं? १९१७ ते १९ मधलं, पंधरा मिनिटांचं, थेट तिथल्या कड्यावरच्या किल्ल्यावर लिहिलेलं.

आणि शेवटासाठी एक सुचवतो: [रहस्यभेद असल्याने पुढच्या दोन ओळी झाकल्या आहेत. संपादक]

खर्जातला_सा

'टिंटॅजल' सुंदर आहे, पण पहिल्याच मिनिटाला उन्हात चमकणारा समुद्र येतो. वीस मिनिटं दाबून धरलेला आवाज तिथेच फुकट गेला. शिवाय तो कॉर्नवॉलचा उत्तर किनारा, कादंबरीमागचा परिसर दक्षिणेचा, फोवी गावाजवळचा. अर्थात एवढा कीस कट्ट्यावर कोणी काढणार नाही. निव्वळ प्रवासवर्णनाची प्लेलिस्ट असती तर पहिला नंबर त्याचाच.

झाकलेल्या ओळींवरून बरं आठवलं. ट्रॅकची नावं तपासा. चित्रपटसंगीताच्या अल्बमांत ट्रॅकला सरळ प्रसंगाचंच नाव देण्याची पद्धत आहे. १९९९ साली 'स्टार वॉर्स'च्या 'द फँटम मेनेस'चा अल्बम चित्रपटाच्या आधी दुकानात आला आणि मागच्या यादीतल्या दोन नावांनी एका मुख्य पात्राचा शेवट जाहीर करून टाकला. हिचकॉकच्या 'रिबेका'ला (१९४०) फ्रान्झ वॅक्समनचं संगीत आहे आणि ते फर्स्ट क्लास आहे. न दिसणाऱ्या रिबेकासाठी त्याने नोव्हाकॉर्ड हे तेव्हाचं अगदी नवं विजेवरचं वाद्य वापरलं. पण अर्ध्यावर असलेल्या चौघांच्या हाती त्या अल्बमची यादी देऊ नका. माझ्या यादीत नावावरून शंका येण्याजोगं दब्यूसीचंच आहे, पण रिबेका समुद्रात बुडाली एवढं वाचकाला सुरुवातीलाच कळलेलं असतं, त्यामुळे ते चालून जातं.

तिहाई

मारवा हटवा अशी विनंती. राव्हेलनंतर एकदम तानपुरा म्हणजे पुरणपोळीवर सॉस. आणि मारवा सूर्यास्ताचा, कट्टा तुमचा बहुधा सकाळचा.

खर्जातला_सा

वेळेचा मुद्दा मान्य, पण कॉर्नवॉलच्या धुक्यात सूर्य कुठे आहे ते तिथल्यांनाही कळत नसावं.

गंमत बाजूला. मारवा घेण्याचं कारण त्याची ठेवण. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, हे तर झालंच. पण मुख्य म्हणजे गाणारा षड्ज टाळत राहतो. रे आणि ध यांच्याभोवती घोटाळतो, सा अगदी समोर दिसतो आणि तो त्याला वळसा घालून निघून जातो. कान तिष्ठत बसतो. आता कादंबरी आठवा: जिच्या नावाने पुस्तक आहे ती एकदाही समोर येत नाही, आणि प्रत्येक वाक्य तिच्याभोवती फिरतं. 'रिबेका'ला यापेक्षा जवळची रचना पाश्चात्त्य संगीतात शोधून दाखवा.

सॉसचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला कारण आहे. 'ला व्हाल्स' पांढरी दोनमध्ये संपतं. पाठोपाठ पुरुष गायकाचा काळी एकचा तानपुरा लागला, तर दोन आधारस्वरांत अर्ध्याच सुराचं अंतर पडतं आणि तानपुराच बेसूर वाटतो. दोन उपाय. एक म्हणजे वाद्यावरचा मारवा घ्या आणि सा कुठे आहे ते आधी ट्यूनरवर बघा. पांढरी दोनच्या आसपासची सतार मिळाली तर सांधा जुळून येतो. दुसरा उपाय म्हणजे मध्ये आठ-दहा सेकंद शांतता. तेवढ्यात कान आधीचा सूर सोडून देतो.

आलापच घ्या, पूर्ण बडा ख्याल नको. ठेका सुरू झाला की मान डोलते आणि ताण सुटतो. स्वतंत्र आलापाचा ट्रॅक नसेल तर तबला यायच्या आधीच्या सेकंदाची नोंद करून तिथे हाताने पुढचा ट्रॅक लावा.

पानगळ

किती धन्यवाद! यादी लावून बघितली. दोन गोष्टी अडल्या: 'डॉन' पंख्याखाली ऐकूच येत नाही आणि आवाज वाढवला की 'स्टॉर्म' शेजारच्यांना उठवतं. दुसरं, शांतता कशी घालायची? अॅपमध्ये तसं बटण दिसत नाही.

डेसिबल_दादा

हे होणारच. स्ट्रीमिंग अॅप सगळे ट्रॅक एका सरासरी पातळीवर आणायला बघतं. स्पॉटिफायवर नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं एकक). मोठ्या आवाजाचं गाणं खाली आणणं सोपं. पण 'डॉन'सारखा ट्रॅक सरासरीने हळू आणि टोकाला मोठा असतो. तो वर उचलला तर टोकं फाटतील, म्हणून अॅप टोकाजवळ एक डेसिबल जागा ठेवून थांबतं. त्यामुळे तो हळूच राहतो. अॅप बिघडलेलं नाही, ऑर्केस्ट्राची उंच-सखल जमीनच तशी आहे.

उपाय स्वस्तातला आधी. सेटिंगमध्ये आवाजाची पातळी 'लाउड' करून बघा. तिथे टोकं दाबली जातात. एरवी शास्त्रीय संगीताला हे पाप आहे, पण पंख्याखाली चालून जातं. स्पीकर टेबलावर मधोमध ठेवू नका. कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर अंतरावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. भिंतींमुळे खर्ज भरतो, 'ला व्हाल्स'ची सुरुवातीची गुरगुर तेव्हाच कळते. पंखा दोनवर. पातळी ठरवताना एल्गार लावून ठरवा, 'डॉन' लावून नको, नाहीतर पुढे दणका बसेल. लिगेती आणि 'स्टॉर्म' यांना आवाज दोन खुणा खाली घ्यायला एक माणूस नेमा.

जास्त नीट करायचं असेल आणि ट्रॅक विकत घेतलेल्या फायली किंवा स्वतःच्या सीडीवरचे असतील, तर ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये 'कॉम्प्रेसर' (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारी सोय) वापरा: गुणोत्तर २:१, सुरुवात उणे ३० डेसिबलच्या आसपास. मग 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' उणे १८ ला. २:१ च्या वर गेलात तर व्हायोलिनमागची हिस्स वर येते. रे नोबलच्या ट्रॅकना कॉम्प्रेसर लावूच नका, त्या तबकड्यांची खरखर नाचायला लागेल.

शांततेसाठी ऑडॅसिटीतच 'जनरेट'मधून 'सायलेन्स' घ्या, दहा सेकंद, फाईल करून यादीत टाका. बाहेरच्या फायली घेणारं अॅप असेल तर काम झालं, नाहीतर 'पॉज' दाबणारा तो माणूस आहेच. कोणीतरी जॉन केजचं '४ मिनिटं ३३ सेकंद' (वादक काहीच वाजवत नाही अशी रचना) सुचवायच्या आत सांगतो: तेवढ्या वेळात लोक 'स्पीकर बंद पडला का' म्हणून उठून बघतात.

क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना त्यावर पुढचा चढवणं) शून्यावर आणा. बारा सेकंदांपर्यंत जाणारी ती सोय पार्टीसाठी बरी, पण इथे लिगेतीच्या शेवटच्या सुरावर समुद्र चढेल आणि मघाचा वीस मिनिटांचा संयम वाया. हे सेटिंग पूर्ण अॅपला लागतं, म्हणून काम झाल्यावर परत पूर्वीसारखं करा. शफल बंद. जाहिराती येणारं खातं असेल तर ही सगळी मेहनत विसरा. 'मूनलाइट'नंतर चपलांचा सेल लागला की संपलं. कोणाचं तरी सशुल्क खातं एका दिवसासाठी उसनं घ्या आणि सगळं आधी डाउनलोड करून फोन विमान मोडवर टाका (ब्लूटूथ वेगळं चालू करावं लागू शकतं). नाहीतर ऐन आलापात कुणाच्या तरी आईचा फोन येतो.

शोधताना नुसतं तुकड्याचं नाव टाकू नका, संगीतकाराचं आडनाव आणि वाद्य जोडा. 'ग्नॉसिएन' म्हटलं की गिटार, हार्प, पावसाच्या आवाजासकट अशा पन्नास आवृत्त्या येतात. दब्यूसीच्या ट्रॅकची ऑर्केस्ट्रासाठी केलेली रूपांतरंही आहेत, तुम्हाला पियानोच हवा. ब्रिटनचे चारही भाग वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये असलेला अल्बम बघा, काहींत ते एकाच सोळा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये सलग असतात. आणि यादी कागदावर उतरवून ठेवा, वादकाच्या नावासकट. हक्क बदलले की ट्रॅक गुपचूप राखाडी होतो आणि यादीतून काय गेलं ते आठवत नाही.

पानगळ

विमान मोड सुचलाच नव्हता. शेवटचा प्रश्न: चहा कधी आणू? आणि हीच यादी घरी वाचताना लावली तर?

खर्जातला_सा

चहा एल्गारच्या वेळी. कपबश्यांचा आवाज त्याला शोभतो. लिगेती सुरू व्हायच्या आत सगळ्यांच्या हातात कप हवेत आणि कोणी उभं नको. 'ला व्हाल्स'ला तर मुळीच आणू नका, पहिलं मिनिट खारी मोडण्याच्या आवाजातसुद्धा बुडतं.

वाचताना ही यादी नको. कादंबरीला बारा-पंधरा तास लागणार, साठ मिनिटांचा क्रम तिच्याशी जुळणं शक्य नाही; तुम्ही माँटे कार्लोत असाल आणि कानात वादळ. वाचनासाठी साती आणि एल्गार एवढेच ठेवा, आवाज अगदी कमी, अल बोलीही काढा. छापलेले शब्द आणि गायलेले शब्द एकमेकांच्या पायात येतात.

डेसिबल_दादा

आणि ऑटोप्ले बंद करायला विसरू नका. दब्यूसीच्या शेवटच्या सुरांचा नाद विरायला बरेच सेकंद लागतात. लोक गप्प बसलेले असतात, आणि तेवढ्यात अॅप आपल्या मनाने 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून योगासनांची बासरी लावतं.